देवांमागचे हात



फ्रान्समधल्या जुन्या ब्राँझमूर्ती हा आजचा विषय ऐकून काहींच्या मनात आले असेल, की युनियनच्या माणसाचा या श्रीमंती वस्तूंशी संबंध काय? संबंध आहे, आणि तो अगदी जवळचा आहे.

परक्या देवाची ब्राँझमूर्ती आपल्या मुलखाला नवी नाही. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीत ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन याची लहानशी मूर्ती सापडली. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी रोमन व्यापाराच्या वाटेने ती इकडे आली. आज ती कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे. देव कोणता, हे पंडितांनी ओळखले. ती ओतणारा कोण, हे कोणालाच सांगता येत नाही.

एकोणिसाव्या शतकात तर असे देव पॅरिसमध्ये कारखान्यातच घडू लागले. आशिल कोला या कारागिराने मोठ्या पुतळ्याची हुबेहूब लहान प्रत काढणारे यंत्र बनवले, आणि १८३८ साली फेर्दिनां बार्बेदिएन याने त्याच्याशी भागी केली. मिलोची व्हीनस मूळची संगमरवरी. तिच्या ब्राँझच्या लहान प्रती सुखवस्तू घरांतून जाऊन बसल्या. बारी या शिल्पकाराचा मिनोटॉर राक्षसाशी झुंजणारा थीसियसही असाच घराघरांत पोहोचला.

आता ही मूर्ती होते कशी ते पाहा. शिल्पकार नमुना देतो. साचेकार तो वाळूत उठवतो. पसरलेला हात वाळूतून सुटा निघत नाही, म्हणून मूर्ती अनेकदा तुकड्यांनी ओततात. ओतारी तांबे-कथिलाचा रस ओततो. जोडारी तुकडे जुळवतो. मग छिन्नीवाला सांधे पुसून टाकतो, केसांची बट न् बट उठवतो. शेवटी आच आणि आम्ल देऊन एकजण तो गडद तपकिरी रंग चढवतो. एवढे झाल्यावर पायथ्याशी नाव येते शिल्पकाराचे आणि शिक्का येतो कारखान्याचा.

पण पॅरिसचे हे कामगार मुके नव्हते. त्यांनी आपसांत परस्परसाहाय्याची पतसंस्था काढली होती. १८६७ साली मालकांनी बजावले, की संस्था सोडा, नाहीतर काम सोडा. कामगारांनी संस्था सोडली नाही, टाळेबंदी झाली. तेव्हा त्यांचे प्रतिनिधी लंडनला गेले. त्यांत तोलँ होता; तो स्वतः ब्राँझवर छिन्नी चालवणारा. इंग्रज कामगारसंघांनी परक्या देशातल्या, परक्या भाषेच्या भावांसाठी पैसा उभा केला. मालकांना माघार घ्यावी लागली. त्या लढ्यातला दुसरा पुढारी कामेलिना हाही ब्राँझकामगारच. १८७१ च्या पॅरिस कम्यूनमध्ये त्याच्याकडे सरकारी टांकसाळ सोपवली गेली.

आपले खापे विणकरांचे गाव. लुगड्याचे काठ पाहून बाजारात पेढीचे नाव निघते. मागावर वाकलेल्या पाठीचे निघत नाही. म्हणून ही गोष्ट तुम्हांला परकी वाटू नये. नाव कोरले गेले नाही तरी संघटनेत ते लिहिता येते, आणि तिथे लिहिलेले नाव मालकालाही वाचावे लागते.

पुढे कधी नागपूरच्या अजब बंगल्यात गेलात, तर धातूच्या मूर्तीचे मुख पाहून लगेच पुढे सरकू नका. जरा बाजूने, पाठीमागूनही पाहा. सांधा दिसतो का, शोधा. दिसला नाही, तर समजा की तो पुसणाऱ्याचा हात पक्का होता. आणि मनातल्या मनात त्यालाही एक नमस्कार करा.