शेवटचं अक्षर

पुण्याहून कोल्हापूरला गाडीनं निघालं, की कात्रजचा बोगदा संपेपर्यंत गप्पा पुरतात. शिरवळच्या आसपास डबा उघडतो. पुढं खंबाटकीचा घाट लागला, की जो तो आपापल्या मोबाईलमध्ये शिरतो. माणसं पाच, गाडी एक, पण निघाल्यासारखी वाटतात पाच वेगळ्या गावांना. यावर मला ठाऊक असलेला उपाय जुना आणि फुकटचा आहे : भेंड्या.

गावांच्या भेंड्यांना पट लागत नाही, सोंगट्या लागत नाहीत. गाडी चालवणाऱ्यालाही खेळता येतं, कारण त्याचे डोळे रस्त्यावरच राहतात. सुरुवात 'पुणे'पासून केली, की पहिल्याच डावात तह करावा लागतो. मराठीत 'ण' आणि 'ळ' यांनी शब्द सुरू होत नाहीत. म्हणून 'ण'चा 'न' आणि 'ळ'चा 'ल' मानायचा. मग नाशिक, कराड, डहाणू, नागपूर अशी गाडी धावू लागते.

नागपूरपाशी ती अडते. आपल्याकडं पूर आणि नगर इतके, की फिरून फिरून 'र' येतो. रत्नागिरी म्हणावं, तर पुन्हा 'र'. राजापूर, राहुरी, रावेर, रहिमतपूर, सगळी 'र'नं सुरू होऊन 'र'वरच संपणारी! २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं आणि 'द'च्या जागीही 'र' आला. आजोबा जुनं नाव घेतात, नातू नवं घेतो. खेळात दोन्ही चालतात, मात्र एकदाच. ज्याला वेळेवर रोहा किंवा रिसोड आठवतं, तो सुटतो. बाकीच्यांवर भेंडी चढते.

आमच्या घरी या खेळाचं दुसरं भावंड होतं, बैतबाजी. एकानं शेर म्हणायचा, त्याच्या शेवटच्या अक्षरावरून दुसऱ्यानं पुढचा. शाळेत मराठी कवितांच्या भेंड्या आणि घरी बैतबाजी, अशा दोन्ही तालमींत मी वाढलो. यातली एक गंमत सांगतो. हिंदी गाणं 'है'वर संपलं, तर भेंड्यांत पुढच्याला 'ह' मिळतो. उर्दू लिपीत हाच शब्द 'ये' या अक्षरानं संपतो, म्हणून बैतबाजीत 'ये'वरून शेर शोधावा लागतो. एक खेळ कानानं चालतो, दुसरा लिहिलेल्या अक्षरानं. दोन्हीकडची मित्रमंडळी एका गाडीत बसली, की यावरून हमखास वाद होतो. माणसं एकमेकांशी अक्षरावरून भांडतात, तोवर मला फारशी काळजी वाटत नाही.

या खेळात आपलं उत्तर नुसतं तयार ठेवून भागत नाही. आधीचा काय म्हणाला, ते शेवटपर्यंत ऐकावंच लागतं, कारण आपला शब्द त्याच्या शब्दातून निघायचा असतो. एरवी समोरच्याचं बोलणं संपायच्या आत आपलं सुरू करणारी आपण माणसं! शिवाय इथं पाठ असलेलंच उपयोगी पडतं. म्हणून एरवी मागच्या सीटवर गप्प बसणारी आजी एस.टी.च्या पाट्यांवर वाचलेली तीस गावं धडाधड सांगते, आणि नातवंडं तिच्याकडं प्रथमच वळून बघतात. ते गाव कुठं आहे, तिथं तू कधी गेली होतीस, असं कुणीतरी विचारतं. तिथं खेळ थांबला तरी चालेल. गोष्ट सुरू झालेली असते.

तेव्हा पुढच्या सहलीला तीन नियम निघण्यापूर्वीच ठरवा. मोबाईलवर शोधायचं नाही. दहा आकडे मोजून होईपर्यंत थांबायचं. आणि घाटात चालवणाऱ्याची पाळी सोडून द्यायची. बाकी, रोहा आणि रिसोड कुणी आधीच वापरलं, तर यवतमाळ जिल्ह्यातलं राळेगाव ध्यानात असू द्या. पुढच्याला 'व' जाईल. त्याचं तो बघून घेईल!