गेट नंबर पाच



मला सांगितलं होतं, कवितेवर बोल. मी तबकडीवर बोलणार आहे. तीही एका गोऱ्या अमेरिकनाच्या. रागावू नका, शेवटपर्यंत ऐका.

हॅरी पार्च. जन्म 1901, मरण 1974. आईबाप मिशनरी. 1930 साली या पठ्ठ्यानं आपलं चौदा वर्षांचं संगीत शेगडीत घालून जाळलं. सप्तकात सूर बाराच, हा कायदा त्याला मंजूर नव्हता. त्यानं 43 केले. ते वाजवायला वाद्यं कुठून आणणार? स्वतः सुतारकी केली. बर्कलेच्या प्रयोगशाळेतल्या काचेच्या मोठ्या बरण्या कापून टांगल्या. तोफगोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्या टांगल्या. जुनी पायपेटी उघडून तिचे सूर नव्यानं लावले.

इथं मी थांबलो. आपली पेटी आठवली. 1940 साली ऑल इंडिया रेडिओनं पेटीवर बंदी घातली, ती 1971 पर्यंत टिकली. का, तर तिच्यात श्रुती लागत नाहीत! पंडितांना ती बाटगी वाटली. आपल्या वस्तीत तिच्याच सुरावर बाबासाहेबांची गाणी घुमली. पार्चनं पेटी बाद केली नाही, शास्त्र बाद केलं. आणि नवं शास्त्र लिहून 1949 साली छापलंही.

मग 1953. कंपनीच्या दारात तो बसला नाही. मित्रांनी आगाऊ वर्गणी जमवली आणि त्याच्या स्वतःच्या लेबलाची पहिली तबकडी निघाली. लेबलाचं नाव गेट फाइव्ह. गेट नंबर पाच. मी गोदीतला माणूस, गेट म्हटलं की कान टवकारणारच. शोधलं. सॉसालिटो गावात ओस पडलेली जहाजगोदी होती, तिच्या पाच नंबर गेटाजवळ याचा कारखाना.

त्या गोदीचं नाव मरिनशिप. महायुद्धात तिथं जहाजं बांधली. काळे कामगारही बांधत होते. पण युनियन त्यांना आत घेईना. त्यांच्यासाठी वेगळी शाखा काढली. पैसे भरा, मत मागू नका. म्हणजे गावकुसाबाहेरची युनियन! आपल्याला हे नवं नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात आपल्या माणसाला मज्जाव होता. धागा तोंडानं ओढावा लागे, विटाळ होई. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी लाल बावट्यालाच याचा जाब विचारला.

मरिनशिपमध्ये 1943 साली जोसेफ जेम्स नावाचा काळा वेल्डर उभा राहिला. कोर्टात गेला. 1944 साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, सक्तीची युनियन आणि बंद दार, दोन्ही चालणार नाही. आता ऐका. हा वेल्डर गायक होता.

पार्चची तबकडी मी ऐकली. जेम्सचा आवाज मी ऐकलेला नाही.

पार्च मंदीच्या काळात मालगाड्यांतून भटकला, भुकेला राहिला. त्याला माझा सलाम. पण गाडीतून उतरता येतं. जातीतून कुठल्या स्टेशनावर उतरायचं?

म्हणून माझं म्हणणं एवढंच. आपणही वर्गणी काढू. वस्तीवरचे म्हातारे गायक एकेक करून चाललेत, त्यांची गाणी त्यांच्याच आवाजात भरून घेऊ. पैसा आपला, नाव आपलं. बेसूर म्हणतील, म्हणू देत. फक्त पुठ्ठ्यावर गेटाचं नाव छापाल तेव्हा गेटाच्या आत कोण राबत होतं तेही छापा.

जयभीम.