आपला तालुका, आपलं चित्र

राज्याच्या निरनिराळ्या भागांतून आलेल्या छायाचित्रकार व वेब डिझायनर मित्रमैत्रिणींनो,

शेजारच्या दालनात सकाळपासून नव्या साधनांची प्रात्यक्षिकं चालू आहेत, त्यामुळे यादी वाचत बसत नाही. मोफत मिळणाऱ्या गोष्टींपैकी कोणत्या भरवशाच्या, त्या वापरताना काय सांभाळावं आणि या मोफत साठ्यात आपली भर कोणती, एवढ्यावरच बोलतो.

सुरुवात अक्षरांपासून. मराठी मजकूर ज्या फॉन्टमध्ये टाइप केला तो वाचकाच्या संगणकावर नसला की पानभर निरर्थक चिन्हं दिसायची, ते दिवस इथल्या बऱ्याच जणांनी पाहिले आहेत. युनिकोड आलं, र. कृ. जोशी यांनी विंडोजसाठी ‘मंगल’ घडवला, आणि देवनागरी पडद्यावर स्थिरावली. पण पुढे कितीतरी वर्षं पर्याय इतके थोडे होते की सगळी मराठी संकेतस्थळं एकाच चेहऱ्याची वाटत. आज मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्ता’ सात वजनांत मिळतो. त्यांचाच ‘अनेक’ नऊ भारतीय लिप्या आणि रोमन एका कुटुंबात आणतो. ‘टिरो देवनागरी मराठी’मध्ये ल आणि श आपल्या वळणाचे आहेत. हे सगळे ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत. व्यावसायिक कामात वापरा, संकेतस्थळात बसवा, हवा तर बदल करा. नुसता फॉन्ट तेवढा विकायचा नाही.

फॉन्ट मिळाला तरी काम उरतंच. रोमन लिपीसाठी बांधलेली तयार थीम उचलली की ओळींमधलं अंतर कमी पडतं. वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांवर आणि रफारांवर चढतात. शीर्षकातली अक्षरं विरळ केली की शिरोरेषा तुटते. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी अशी नोंदवायची राहून जाते, आणि काही फॉन्ट तर ती नोंद वाचूनच मराठी वळण दाखवतात. पान वाचून दाखवणाऱ्या प्रणालीलाही कोणत्या भाषेत बोलायचं ते त्यावरूनच कळतं. ग्राहकाला काम दाखवण्याआधी ‘कर्तृत्व’, ‘वाङ्मय’, ‘दऱ्याखोऱ्या’ हे शब्द एकदा लावून बघाच. ‘दऱ्या’मधला र जागेवर आला नाही, तर तो फॉन्ट मराठीसाठी नाही असं समजा.

छायाचित्रांच्या साधनांबद्दल थोडक्यात सांगतो. रॉ फाइलवर काम करायला ‘डार्कटेबल’ आणि ‘रॉथेरपी’ आहेत. ‘डार्कटेबल’ मूळ फाइलला हात लावत नाही, केलेले बदल शेजारच्या वेगळ्या छोट्या फाइलमध्ये लिहून ठेवतं. रेखाटनाला ‘इंकस्केप’ आहे. वेबसाठी चित्र हलकं करायला ‘स्क्वूश’ आहे, ते ब्राउझरमध्येच चालतं आणि चित्र तुमच्या संगणकाबाहेर जात नाही. हा शेवटचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. एका बटणात फोटो उजळून देणाऱ्या सेवांवर आपण लोकांच्या लग्नाचे, बारशाचे, घरातल्या लेकरांचे फोटो चढवतो. त्या कुटुंबानं ते आपल्याकडे विश्वासानं दिलेले असतात. फाइल कुठं जाते हे कळत नसेल, तर ती सेवा वापरू नका.

आता परवान्यांकडे येतो. ‘अनस्प्लॅश’वरची चित्रं मोफत आहेत, पण 2017 पासून त्यांचा परवाना स्वतःचा आहे, तो वाचा. छायाचित्रकारानं परवानगी दिली म्हणजे चित्रातल्या माणसानं दिली असं होत नाही. त्या चेहऱ्याला औषधाच्या जाहिरातीत बसवताना दहादा विचार करा. आणि आपल्या स्वतःच्या हक्काचं काय? 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 नुसार, मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, मोबदला देणारा असतो. लग्नाचे फोटो आपण काढले म्हणून ते आपले, हा समज अनेकांना महागात पडला आहे. कराराचा एक कागद ऑर्डर घेतानाच करा.

आता मोफत चित्रांच्या साठ्यातल्या आपल्या वाट्याचं. सांगलीच्या हळद-व्यापाऱ्याचं संकेतस्थळ करताना परदेशी शेतकऱ्याचा फोटो का लावावा लागतो? भारतीय लग्न शोधलं तर मुंडावळ्या बांधलेली जोडी सापडेपर्यंत किती चित्रं मागे टाकावी लागतात? मार्केट यार्डातला सौदा, शेतातला हुरडा, एसटी स्टँड, कोकणातला दशावतार हे सगळं टिपणारे कॅमेरे या सभागृहात आहेत. त्यांतलं फारच थोडं कोणाला वापरता येईल अशा ठिकाणी ठेवलेलं आहे. आपण वर्षानुवर्षं या साठ्यांतून घेत आलो. साठा आपल्या बाजूनं रिकामा आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

म्हणून एक ठराव मांडतो. प्रत्येक सभासदानं वर्षभरात आपल्या तालुक्याची दहा छायाचित्रं विकिमीडिया कॉमन्सवर द्यावीत. फोटो स्वतःच्या हौसेनं काढलेले असावेत, ग्राहकाचे नकोत. नावासह, त्याच अटीवर पुढे वाटता येईल असा क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना निवडावा. ‘व्यावसायिक वापर नको’ अशी अट घातलेलं चित्र तिथं चालत नाही. रस्त्यावरचा पुतळा किंवा इमारत टिपायला कायद्याची आडकाठी नाही, पण भिंतीवर रंगवलेल्या चित्राला ती सवलत नाही, हे ध्यानात ठेवावं. ओळखू येणाऱ्या माणसाला आधी विचारावं. आणि मथळा मराठीतही द्यावा. गावाचं नाव, महिना, काय चाललं आहे हे त्यात असावं. कॉमन्सवर मराठी मथळ्याची सोय आहे. वेब डिझायनर मंडळींनी मराठी फॉन्टमध्ये सापडलेली चूक नुसती आपापसात न बोलता, फॉन्ट करणाऱ्यांना नमुन्यासह कळवावी.

ठरावाची प्रत तुमच्या फाइलमध्ये आहे. दुपारच्या सत्रात त्यावर दुरुस्त्या सुचवा, आणि ज्यांनी आजवर एकही चित्र कॉमन्सवर चढवलेलं नाही त्यांनी लॅपटॉप घेऊन चहानंतर मागच्या दालनात यावं. मी तिथं असेन.