वहीतला नफा आणि गल्ल्यातली रोकड

दुकानाच्या वहीत नफा दिसावा आणि त्याच आठवड्यात नोकराचा पगार द्यावयास गल्ल्यात पैसा नसावा, हे व्यापार न करणाऱ्यास कोडे वाटते. वस्तुतः त्यात कोडे काहीच नाही. नफा उधारीत आणि न खपलेल्या मालात अडकलेला असतो; पगार मात्र रोख द्यावा लागतो.

कोलकात्याच्या दुकानदारीत ही गाठ सोडविण्याचे दोन जुने उपाय आहेत. बंगाली चैत्र लागला, की गरियाहाट आणि हातीबागान येथील कापडवाले पडून राहिलेला माल उतरत्या भावाने काढतात. मालाची रोकड होते. पुढे पहिल्या वैशाखाला, म्हणजे बंगाली नववर्षाला, 'हालखाता' येतो. आपल्याकडे व्यापारी लक्ष्मीपूजनाला वह्या पूजतात, तद्वत तेथे लाल बांधणीची नवी वही पुजली जाते. जुन्या गिऱ्हाइकांस निमंत्रण जाते. ती येतात, मागील बाकी यथाशक्ति चुकती करतात, आणि मिठाईचा पुडा व नव्या वर्षाचे कॅलेंडर घेऊन परततात. वसुलीचा इतका गोड प्रकार क्वचितच आढळेल!

२०२० साली हे दोन्ही उपाय एकदमच निकामी झाले. २५ मार्चला टाळेबंदी सुरू झाली, तेव्हा चैत्रातील विक्री ऐन भरात यावयाची होती. पहिला वैशाख १४ एप्रिलला आला. त्याच दिवशी टाळेबंदी ३ मेपर्यंत वाढल्याचे जाहीर झाले. काही दुकानदार हालखाता अक्षय तृतीयेला करतात. पण तीही २६ एप्रिललाच आली.

रिझर्व्ह बँकेने कर्जाचे हप्ते पुढे ढकलण्यास मुभा दिली. व्याज मात्र चढतच राहिले. मे महिन्यात केंद्र सरकारने हमीच्या कर्जाची योजना आणली. २९ फेब्रुवारीस जे कर्ज बाकी असेल, त्याच्या २० टक्क्यांपर्यंत नवे कर्ज मिळावयाचे होते. योजना चांगलीच होती. परंतु ज्याच्या नावावर बँकेचे कर्जच नव्हते, जो घाऊक व्यापाऱ्याच्या उधारीवर दुकान चालवीत होता, त्याला २० टक्के कशाचे मिळणार?

अशा दुकानदाराच्या हाती एक साधन उरते, ते पुढील तारखांच्या रोजमेळाचे. येत्या आठ आठवड्यांत कोणत्या दिवशी किती पैसा खात्रीने येणार आणि किती जाणार, हे आधीच मांडावे. वसुलीची नुसती आशा जमेच्या बाजूस लिहू नये. तूट केव्हा पडणार हे दिसले, म्हणजे घाऊक व्यापाऱ्याकडे मुदतीपूर्वी जाता येते. थोडी रक्कम त्याच्या हातावर ठेवून उरलेल्या रकमेसाठी नवी तारीख मागता येते. मुदत टळून गेल्यावर तीच विनंती सबब ठरते. नोकराचा पगार या तडजोडीत आणू नये. त्याच्या घरी दुसरा गल्ला नसतो.

नव्या मालाचा विचार त्यानंतरचा. त्या वर्षी अधिक मासामुळे दुर्गापूजा ऑक्टोबरच्या चौथ्या आठवड्यावर गेली. मे महिन्यात रोजमेळ मांडून बसलेल्या दुकानदाराला तिच्यापर्यंत पाच महिने काढावयाचे होते.