हरित विजेचे बिल कोणी भरावयाचे?



सौर विजेचे नाव निघाले की घराच्या गच्चीवर मांडलेली निळी पॅनेले डोळ्यांपुढे येतात. परंतु ज्याच्या मालकीची गच्चीच नाही त्याने काय करावे? गाझियाबादसारख्या शहरात हा प्रश्न पुस्तकी नाही. साहिबाबादच्या कारखान्यांत राबणारा कामगार खोडा कॉलनीतील भाड्याच्या खोलीत राहतो. इंदिरापुरम किंवा वैशाली येथील उंच इमारतीत कर्ज काढून सदनिका घेतलेल्या नोकरदाराला चार भिंती मिळाल्या आहेत, पण गच्ची सर्वांची आणि म्हणून कोणाचीच नाही. 2024 च्या फेब्रुवारीत ‘पीएम सूर्य घर’ योजना सुरू झाली. तिच्यात 3 किलोवॉटच्या संचाला केंद्राचे 78,000 रुपये अनुदान मिळते आणि उत्तर प्रदेश सरकार त्यात 30,000 रुपयांपर्यंत भर घालते. रक्कम लहान नाही. तथापि ती घरमालकाच्या गच्चीवर उतरते. भाडेकरूच्या हाती तिच्यातला एक छदामही पडत नाही.

अशा कुटुंबापुढे उरतो तो वीजबिलाचा मार्ग. केंद्र सरकारने 6 जून 2022 रोजी हरित ऊर्जेच्या खुल्या वापरासंबंधी नियम जारी केले. आपल्याला हरित वीज हवी अशी मागणी ग्राहकाने आपल्या वितरण कंपनीकडे करावी, कंपनीने ती पुरवावी आणि तिचा दर राज्याच्या नियामक आयोगाने स्वतंत्रपणे ठरवावा, अशी तरतूद त्या नियमांत आहे. महाराष्ट्राने हे पाऊल त्यापूर्वीच उचलले होते. 2021 च्या मार्च महिन्यात महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने, संपूर्ण वीज नवीकरणीय स्रोतांतून घेऊ इच्छिणाऱ्या ग्राहकासाठी नेहमीच्या दरावर युनिटमागे 66 पैसे जादा आकार मंजूर केला आणि घरगुती ग्राहकालाही हे दार उघडे ठेवले.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. जादा पैसे भरणाऱ्याच्या घरात वेगळी वीज येत नाही. तारा त्याच, आणि त्यांतून वाहणारा प्रवाहही सर्वांचा एकच. दिल्लीच्या परिसराला वीज देणाऱ्या दादरी केंद्रात कोळशावर चालणारी क्षमता 1,820 मेगावॉट आहे आणि त्याच आवारातील सौर प्रकल्प 5 मेगावॉटचा आहे. गाझियाबादच्या दिव्यात कोणत्या घटकेला कोणाचा किती वाटा, हे कोणीही वेगळे काढून दाखवू शकणार नाही. ग्राहक विकत घेतो तो हिशेब. त्याने जितकी युनिटे वापरली तितकी नवीकरणीय वीज कंपनीने आपल्या खरेदीत दाखवावी आणि त्याचे प्रमाणपत्र द्यावे, एवढाच तो करार आहे. म्हणून हिशेब चोख आहे की नाही, यावरच सारे अवलंबून आहे.

आता खर्चाचा विचार. महिन्याला 100 युनिटे वापरणाऱ्या कुटुंबाला 66 पैशांच्या दराने 66 रुपये जादा पडतील, तर वातानुकूलन यंत्रे लावून 600 युनिटे जाळणाऱ्याला 396 रुपये. दिसायला हे न्याय्य वाटते. परंतु पहिल्या घरात 66 रुपये म्हणजे भाजीपाल्याचा खर्च, आणि दुसऱ्या घरात 396 रुपये म्हणजे एका संध्याकाळचे उपाहारगृह. कामगार कुटुंबाने संपूर्ण विजेचाच आग्रह धरावा असे नाही. इमारतीचा पाण्याचा पंप, उद्वाहन आणि जिन्यातील दिवे यांच्या सामाईक जोडणीपुरती हरित वीज मागितली, तर बोजा साऱ्या बिऱ्हाडांत वाटला जातो. सामाईक गच्चीसाठीही केंद्राच्या योजनेत गृहनिर्माण संस्थांना किलोवॉटमागे 18,000 रुपये अनुदान आहे. एकट्या बिऱ्हाडाला न झेपणारे ओझे जिना मिळून उचलू शकतो.

परंतु मुळात जादा आकार कशासाठी? 2010 च्या सुमारास सौर विजेचे करार युनिटमागे सुमारे 12 रुपयांनी झाले. 2017 साली राजस्थानातील भडला येथे हाच भाव 2 रुपये 44 पैशांवर आला आणि 2020 च्या डिसेंबरात गुजरातच्या लिलावात तो 1 रुपया 99 पैशांपर्यंत उतरला. एवढी स्वस्त झालेली वस्तू ग्राहकाच्या दारी येताना महाग कशी होते? याला काही खरी कारणे आहेत, ती नाकारण्यात अर्थ नाही. सूर्य मावळल्यानंतरच घरोघरी दिवे लागतात; त्या वेळच्या विजेसाठी साठवण किंवा औष्णिक केंद्रे हाताशी ठेवावी लागतात. जुने महाग करार अद्याप चालू आहेत आणि कोळसा केंद्रांना, वीज घेतली नाही तरी, स्थिर आकार द्यावाच लागतो. तथापि या कारणांपैकी कशाचे किती पैसे, हे फोडून दाखविल्याशिवाय जादा आकार मागणे म्हणजे ग्राहकाच्या सदिच्छेवर कर बसविणे होय.

याहूनही गंभीर गोष्ट बारीक अक्षरांत आहे. वितरण कंपन्यांवर ठराविक प्रमाणात नवीकरणीय वीज घेण्याचे कायदेशीर बंधन आहे. 2024-25 साली ते 29.91 टक्के होते आणि 2029-30 पर्यंत ते 43.33 टक्क्यांवर जावयाचे आहे. ज्या ग्राहकावर असेच बंधन आहे त्याने आपल्या वाट्यापेक्षा जास्त घेतलेली हरित वीज वितरण कंपनीच्या बंधनात मोजावी, असे 2022 च्या नियमांत म्हटले आहे. घरगुती ग्राहकावर तर बंधन मुळीच नाही. त्याची सारी युनिटे याच न्यायाने कंपनीच्या खात्यात जमा झाली, तर जे काम कंपनीने कायद्याने केलेच पाहिजे, तेच कामगाराच्या 66 रुपयांतून पार पडेल आणि देशातील हरित वीज एका युनिटानेही वाढणार नाही.

साहिबाबादच्या मातीत या प्रश्नाची आणखी एक बाजू दडलेली आहे. 1974 साली स्थापन झालेल्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेड या सरकारी कारखान्याने येथेच 1977 साली देशातील पहिला सौर घट तयार केला आणि पुढच्याच वर्षी पहिले पॅनेल बनविले. 2021 च्या नोव्हेंबरात हाच कारखाना 210 कोटी रुपयांना एका खाजगी वित्तीय कंपनीस विकण्यास सरकारने मंजुरी दिली. कर्मचारी संघटना विरोधात उभी राहिली, प्रकरण न्यायालयात गेले आणि 2022 साली तो व्यवहार रद्द झाला. घरोघरचे जादा पैसे शेवटी ज्या पॅनेलांत गुंतावयाचे, ती बनविणारा सार्वजनिक कारखाना टिकतो की नाही, याच्याशी वीजग्राहकाचा संबंध नाही असे कसे म्हणावे?

विजेचे दर बंद खोलीत ठरत नाहीत. 2003 च्या वीज कायद्याच्या कलम 64 अन्वये दराचा प्रस्ताव प्रसिद्ध करावा लागतो आणि लोकांच्या सूचना व हरकती विचारात घ्याव्या लागतात. गाझियाबादचा प्रस्ताव लखनौच्या आयोगापुढे जातो, महाराष्ट्राचा मुंबईच्या. मोठे औद्योगिक ग्राहक तेथे वकील पाठवितात. भाडेकरू बहुधा फिरकत नाही. पुढच्या सुनावणीपूर्वी एखादी कामगार संघटना किंवा गृहनिर्माण संस्था लेखी हरकत सहज देऊ शकते: जादा आकाराची फोड द्या; घरगुती ग्राहकाने विकत घेतलेली युनिटे कंपनीच्या बंधनाबाहेर मोजा; आणि 100 युनिटांच्या आत वापर असलेल्या घराला हरित वीज नेहमीच्याच दराने द्या.