बापाची पत्रे, मुलाची उत्तरे

(पालक मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



मला 'घर आणि तालीम' या विषयावर बोलायला सांगितले आहे. विषय मोठा आहे आणि या व्यासपीठावरून दरवर्षी कोणी ना कोणी त्यावर बोलतेच. म्हणून आज मी फक्त काही पत्रांविषयी बोलणार आहे. एका वकिलाने शिक्षणासाठी परदेशात ठेवलेल्या आपल्या मुलाला ती लिहिली होती, आणि मुलानेही त्यांना उत्तरे दिली होती.

वकील होते अलाहाबादचे मोतीलाल नेहरू. मुलगा जवाहरलाल. मोतीलालजी १८६१ साली जन्मले तेव्हा वडील वारून तीन महिने झाले होते. थोरल्या भावाने त्यांना वाढवले. लहानपणीचे सारे शिक्षण फारसी आणि अरबीचे. इंग्रजीशी गाठ पडली ती बारा-तेराव्या वर्षी. उर्दूतून सुरुवात केली म्हणजे मुलाचे नुकसान झाले, असे मानणारे पालक आपल्यातही आहेत. त्यांच्यासाठी एवढे सांगून पुढे जातो की, हाच मुलगा पुढे अलाहाबाद हायकोर्टाच्या नामांकित वकिलांत गणला गेला.

१९०५ च्या मे महिन्यात हे कुटुंब विलायतेला गेले आणि पंधरा वर्षांच्या जवाहरला हॅरो येथील शाळेत ठेवण्यात आले. शरद ऋतूत आईवडील परत निघाले. वाटेत फ्रान्समधील मार्सेय बंदरातून वडिलांनी मुलाला पत्र लिहिले. त्याचा आशय असा, की आमच्याजवळ जे सर्वांत मौल्यवान आहे ते आम्ही इथे ठेवून चाललो आहोत. तुझ्यासाठी पैसा साठवायचा असता तर माझी एका वर्षाची कमाई पुरली असती. पण तुला खरा माणूस करायचा आहे, म्हणून हा विरह सोसतो. आणि तुझ्यावर माझे इतके प्रेम आहे हे तुला सोडताना कळले, असेही त्यांनी लिहिले. मोतीलालजी मोठे तापट गृहस्थ, घरातले सगळे त्यांना वचकून असत. अशा माणसाने हे कागदावर उतरवले. आपल्यापैकी किती वालिदांनी आपल्या पंधरा वर्षांच्या मुलाला हे शब्द एकदा तरी ऐकवले आहेत? मी हात वर करायला सांगत नाही.

त्या काळी मुंबईहून टपालाची बोट आठवड्यातून एकदा सुटे. पत्र विलायतेला पोचायला दोन आठवडे लागत, कधी जास्तच. म्हणजे आज विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर लवकरात लवकर महिन्याने. मुलाला ताप आला हे वडिलांना कळेपर्यंत ताप उतरलेला असायचा!

मुलगा काय लिहीत असे? लॅटिन कच्चे म्हणून त्याला खालच्या वर्गात बसवले होते. इथल्या मुलांना खेळाशिवाय दुसरे बोलताच येत नाही, अशी तक्रार तो करी. पण त्याच वर्गात शिक्षकांनी इंग्लंडच्या नव्या मंत्रिमंडळाविषयी विचारले, तेव्हा जवळजवळ सगळी नावे सांगणारा हाच एकटा निघाला. विमाने नुकतीच उडू लागली होती, त्यांचे त्याला वेड. लवकरच मी शनिवार-रविवारी विमानाने हिंदुस्थानात तुम्हाला भेटायला येईन, असे त्याने वडिलांना कळवले. मला या पत्रव्यवहारातली ही गोष्ट सर्वांत आवडते. ज्या घरात मुलाच्या असल्या स्वप्नांना कोणी हसत नाही, तिथेच मूल ती लिहून पाठवते.

आता कडू भाग. १९०७ च्या सुमारास हिंदुस्थानात मोठी खळबळ होती. लाला लजपतराय हद्दपार झाले होते, पुण्याहून टिळकांचे नाव सतत कानी येत होते. मुलगा जहालांच्या बाजूचा, वडील पक्के मवाळ. वडिलांचे जहालांवर टीका करणारे लिखाण वाचून केंब्रिजमधल्या मुलाने खोचकपणे लिहिले, की सरकार तुमच्यावर फार खूश असेल. मोतीलालजी इतके संतापले की मुलाला ताबडतोब परत बोलावण्यापर्यंत मजल गेली. ही हकीकत जवाहरलालजींनी स्वतःच्या आत्मचरित्रात (१९३६) दिली आहे. पैशावरूनही वाजले. लंडनमध्ये मुलाचा हात सैल सुटला, नेमून दिलेली रक्कम पुरेना. मुलगा वाया जातो की काय, ही धास्ती वडिलांना पडली.

पण पत्रे थांबली नाहीत. भांडणही पत्रातच झाले आणि पुढच्या बोटीने पुढचे पत्र गेले. वडिलांना उलट लिहिणाऱ्या मुलाला आपण बेअदब म्हणतो. मी स्वतः त्या बाबतीत जुन्या वळणाचा आहे, तो टोमणा मला आवडलेला नाही. तरीही मनातले लिहिणारा मुलगा मला गप्प बसणाऱ्या मुलापेक्षा बरा वाटतो.

कुणी म्हणेल, ही अमीर लोकांची गोष्ट, आपला काय संबंध? संबंध आहे. रत्नागिरी-रायगडकडच्या आपल्या कितीतरी घरांतले कर्ते पुरुष कुवेतला, दुबईला, सौदीला आहेत. पूर्वी पत्र यायचे, मग कॅसेटमध्ये आवाज भरून यायचा, आता फोनवर चेहराही दिसतो. बोलणे मात्र तेवढेच. पैसे मिळाले का? किती टक्के पडले? अम्मीला त्रास देऊ नकोस. मुलगा 'हो, हो, नाही' म्हणतो आणि फोन अम्मीकडे देतो. सुट्टीत अब्बा घरी येतात तेव्हा दोघे एकमेकांना पाहुण्यासारखे वागवतात. हे मी ऐकीव सांगत नाही, आपण सारेच पाहतो.

लिहिता येत नाही, अशी अडचण असेल तर आणखी एक आठवण सांगतो. नेहरूंच्या घरी मुन्शी मुबारक अली नावाचे पांढऱ्या दाढीचे गृहस्थ होते. बदायूँचे खानदानी घराणे, १८५७ च्या धामधुमीत उद्ध्वस्त झालेले. छोट्या जवाहरला काही दुखले-खुपले की तो त्यांच्या कुशीत शिरे आणि ते त्याला 'अलिफ लैला'च्या आणि सत्तावनच्या गोष्टी सांगत. त्या गोष्टी हा मुलगा म्हातारपणापर्यंत विसरला नाही.

मोतीलालजी पुढे मुलाच्या राजकारणात ओढले गेले. ६ डिसेंबर १९२१ रोजी बापलेकांना एकाच दिवशी अटक झाली आणि लखनौच्या तुरुंगात ते एकाच छपराखाली राहिले. तिथे जवाहरलालजी सकाळी खोली झाडून धूत, स्वतःबरोबर वडिलांचेही कपडे धूत आणि मग सूत काततात बसत. १९२८ च्या उन्हाळ्यात त्यांची दहा वर्षांची मुलगी मसुरीला होती आणि ते स्वतः अलाहाबादला. तेव्हा त्यांनी तिला पृथ्वीच्या आणि माणसाच्या जन्माची कहाणी पत्रांतून सांगायला घेतली. पुढच्याच वर्षी त्या पत्रांचे पुस्तक झाले. ते आपल्या ग्रंथालयात नसेल तर संस्थेने मागवावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.