गळाची काठी किती ताठ असावी?



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकीं कांहींजण हंसतील. ज्यानें सारा जन्म खडू आणि फळा यांच्या संगतींत काढिला, त्यानें मासे धरण्याच्या काठीवर काय बोलावें? परंतु अमेरिकेंतील टेक्सास संस्थानांत मुलाकडे कांहीं महिने राहण्याचा योग आला, नातवाच्या नादानें हा छंद मला लागला, आणि त्यांत मीं एक मोठी चूक केली. आज आपलीं पुष्कळ कुटुंबें त्या देशांत राहतात व त्यांचीं मुलें सुटीच्या दिवशीं काठी घेऊन तळ्यावर जातात. माझ्या चुकीचा त्यांना उपयोग व्हावा, एवढाच या भाषणाचा हेतु.

प्रथम मासा आणि आमिष यांची ओळख करून घेऊं. तेथील तळ्यांत ‘लार्जमाउथ बास’, म्हणजे मोठ्या जबड्याचा बास, नांवाचा मासा असतो. त्याचा छंद सबंध देशास लागलेला आहे. २ जून १९३२ रोजीं जॉर्जिया संस्थानांत जॉर्ज पेरी नांवाच्या तरुण शेतकऱ्यानें लांकडी आमिषावर २२ पौंड ४ औंस वजनाचा बास धरला. त्याची बरोबरी व्हावयास पुढें ७७ वर्षें लागलीं. २००९ सालीं जपानांतील बिवा सरोवरांत तसा दुसरा मासा सांपडला.

या माशासाठीं लांकडाचें किंवा प्लॅस्टिकचें माशाच्या आकाराचें जें आमिष वापरतात, त्याच्या एका जातीस ‘क्रँकबेट’ म्हणतात. दोरी गुंडाळण्याच्या रिळाची मूठ फिरविली कीं तें चालूं लागतें. त्याच्या तोंडापुढें जिभेसारखी एक पट्टी असते. ओढतांना पाण्याचा दाब तिच्यावर पडतो आणि आमिष खालीं बुडून डावीउजवीकडे थरथरूं लागतें. पट्टी आंखूड असेल तर तें चार-पांच फूट बुडतें. लांब व रुंद असेल तर पंधरा-वीस फूटहि जातें. पोटाखालीं आणि शेपटीशीं तीन-तीन टोंकांचे दोन गळ लोंबत असतात.

आतां काठीकडे वळूं. काठीचे दोन गुण निरनिराळे आहेत व त्यांची गल्लत होते. एक ‘पॉवर’, म्हणजे काठीची ताकद: ती वांकविण्यास किती जोर लागतो, हें त्यावरून कळतें. दुसरा ‘ॲक्शन’, म्हणजे तिचा वांक: काठी नुसत्या शेंड्याशीं वांकते कीं मध्यापर्यंत वांकते, हें त्यावरून कळतें. ताकदीच्या पायऱ्या लाइट, मीडियम, मीडियम-हेवी, हेवी अशा असतात आणि हे शब्द मुठीच्या वरच्या अंगास छापलेले असतात.

मला यांतलें कांहींच ठाऊक नव्हतें. नातवाच्या अकराव्या वाढदिवसास काठी घेण्यासाठीं आम्ही दुकानांत गेलों. भिंतीशीं काठ्यांची रांग उभी होती. मीं एकेक हलवून पाहिली आणि सर्वांत ताठ असेल ती निवडली. वांकते ती मोडते, ताठ असते ती टिकते, असा माझा हिशेब. काठीवर ‘हेवी’ आणि ‘फास्ट’ असें लिहिलेलें होतें. तें मी तिचें गुणवर्णन समजलों.

पहिल्याच शनिवारीं तीन मासे लागले आणि तिन्ही सुटले. तिसरा कांठापासून हातभर अंतरावर येऊन उसळला, गळ निसटला, आणि ताणलेल्या काठीनें तें आमिष बंदुकीच्या गोळीप्रमाणें मागें फेंकलें. तें माझ्या टोपीच्या कडेंत रुतलें. नातवाचा डोळा तेथून वीतभर अंतरावर होता. “आजोबा, केवढा मोठा होता हो!” एवढेंच तो म्हणाला. त्याला मासा गेल्याचें दुःख होतें. मला मात्र दुसऱ्याच विचारानें रात्रभर झोंप आली नाहीं.

पुढच्या खेपेस तळ्यावरील एका वृद्ध गृहस्थानें आमची काठी हातांत घेतली, शेंडा माझ्याकडे देऊन ओढून पाहिली, आणि हंसून सांगितलें कीं काठी वाईट नाहीं, पण या कामाची नाहीं. दाट शेवाळांतून एका जाड गळानें मासा उपटून काढण्यासाठीं ती केलेली आहे. त्याचें कारण त्यानें समजावून दिलें तें असें.

बास मासा आमिषास चावत नाहीं. तो जबडा एकदम उघडून पाण्याबरोबर तें आंत ओढून घेतो. त्या क्षणीं काठी थोडी लवली, तर आमिष त्याच्या तोंडांत शिरतें. काठी ताठ असली, तर चालतें आमिष त्याच्या तोंडाशीं येऊन पुढें निघून जातें. दुसरें असें कीं, क्रँकबेटचे गळ बारीक तारेचे असून ते पुष्कळदां वरवरच रुततात. मासा उसळून डोकें झटकूं लागला म्हणजे ताठ काठीनें दोरी एकदां ढिली पडते व एकदां हिसकते. त्या हिसक्यानें जखम रुंदावते आणि गळ सुटतो. लवणारी काठी प्रत्येक झटका स्वतः सोसते व दोरी सारखी ताणलेली ठेवते. म्हणून येथें हिसका देऊं नये. मासा लागला असें वाटतांच मूठ फिरवीत राहावें आणि काठी बाजूस सावकाश ओढावी.

मग अगदीं मऊ काठी घ्यावी काय? तेंहि चूक. खोल बुडणाऱ्या आमिषाची रुंद पट्टी पाण्यांत फार जोरानें ओढते. मऊ काठी त्या ओढीनेंच पूर्ण वांकून जाते आणि मासा लागल्यावर गळ रुतविण्यास तिच्यांत कांहीं शिल्लक राहत नाहीं. अर्थात् काठीची ताकद आमिषाच्या वजनावर आणि ओढीवर ठरवावी.

साधारण प्रमाण असें. पाव औंसाचें, म्हणजे सुमारें ७ ग्रॅमचें, उथळ आमिष असेल तर मीडियम-लाइट किंवा मीडियम काठी. तीन-अष्टमांश ते पांच-अष्टमांश औंस, म्हणजे सुमारें ११ ते १८ ग्रॅम, असेल तर मीडियम. पाऊण औंसापासून पुढचीं खोल जाणारीं आमिषें असतील तर मीडियम-हेवी, आणि तीहि सात ते आठ फूट लांब. कारण दूर फेंकल्याशिवाय आमिषास खोल जाण्यास अवकाश मिळत नाहीं. बुडालेलीं झाडें वा पाणगवत यांच्यांत टाकावयाचें असेल तर आमिष लहान असूनहि एक पायरी अधिक ताकद घ्यावी. मात्र वांक सर्व प्रसंगीं ‘मॉडरेट’, म्हणजे मध्यापर्यंत येणारा, असावा. विणलेली दोरी फारशी ताणत नाहीं. ती वापरणाऱ्यानें तर या वांकाची अधिकच काळजी घ्यावी.

काठी कशाची केली आहे, हेंहि पाहावें. पूर्वीं चांगल्या काठ्या चिनी बांबूच्या कांबी चिकटवून करीत. दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतूच्या काठ्या आल्या व १९७० नंतरच्या दशकांत ग्रॅफाइटच्या आल्या. ग्रॅफाइट हलकें व चपळ. काचतंतू जड, पण सावकाश लवणारा. नवें आलें म्हणजे जुनें टाकाऊ होतें असा आपला समज असतो. परंतु क्रँकबेटसाठीं जाणते लोक आजहि काचतंतूची, किंवा दोहोंच्या मिश्रणाची, काठी मुद्दाम घेतात.

एक सावधगिरीची सूचना. सर्व कारखानदारांचें माप एक नाहीं. एकाची मीडियम ती दुसऱ्याची मीडियम-हेवी असते. म्हणून नुसत्या नांवावर जाऊं नये. काठीवर किती औंसांचें आमिष चालेल तें छापलेलें असतें. आपलें नेहमींचें आमिष त्या आंकड्यांच्या मध्यावर येतें कीं नाहीं तें पाहावें. आणि काठी कोणतीहि असो, डोळ्यांवर चष्मा असल्याशिवाय मुलास पाण्याजवळ उभें करूं नये. अडकलेलें आमिष सोडवितांना वांकलेल्या काठीनें ओढूं नये, दोरी हातावर कापड गुंडाळून, तोंड फिरवून, सरळ ओढावी.

आम्ही ती ताठ काठी त्या वृद्ध गृहस्थाच्या नातवास दिली आणि काचतंतूची मीडियम काठी आणिली. महिन्याभरानें एका सकाळीं ती मध्यापर्यंत वांकली आणि वांकलेलीच राहिली. मासा दोनदां उसळला, पण सुटला नाहीं. नातवानें तो ओल्या हातांनीं धरला, फूटपट्टीवर मोजला आणि पाण्यांत परत सोडला. मीं शाळेंत अनेक वर्षें हातांत छडी धरली, व ती नेहमीं ताठच असावी असें मला वाटे. लवण्यांतहि ताकद असते, हें मला त्या सकाळीं तळ्याच्या कांठीं कळलें. थोडें अगोदर कळतें तर बरें झालें असतें.